अप्पा डॉक्टरांच्या हाताची हळद

देवाने माणसाला मुख दिले ते नाम घेण्यासाठी, कान दिले ते दुसऱ्याचे दुःख ऐकण्यासाठी आणि हात दिले ते दुसऱ्याला धरण्यासाठी. धरणारा हात ज्याला लाभला तो धन्य. पण आपला हात कोणाकडून कोणाकडे काय घेऊन गेला, हे ज्याने कधी मागे वळून पाहिले नाही, त्याला एक दिवस त्याच हाताकडे बघून मान खाली घालावी लागते. उमरग्याच्या डॉक्टर विरुपाक्षांवर तो दिवस आला. मी त्यांच्यावर दोष ठेवायला बसलो नाही. ज्या माणसाने आयुष्यभर गावाचा हात धरला, त्याची खाली गेलेली मान आपण प्रेमानेच पाहिली पाहिजे.

महामार्गावरच्या ट्रकांचा गलका जिथे थोडा विरतो, त्या गल्लीत त्यांचा दवाखाना आहे. पुढे दवाखाना, मागे घर आणि दोहोंच्या मधे एक हिरवा पडदा. त्यांना डॉक्टर विरुपाक्ष कोणी म्हणत नाही. सीमेच्या अलीकडच्या मराठी गावांना आणि पलीकडच्या कानडी गावांनाही ते अप्पा डॉक्टर. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, अंगात पांढरा हाफ शर्ट, आणि समोर रोगी बसला की प्रश्न विचारण्याआधी त्याचे मनगट हाती घेण्याची सवय. तीन बोटे नाडीवर टेकायची, डोळे मिटायचे आणि क्षणभर गप्प राहायचे. त्या क्षणात रोग्याच्या चेहऱ्यावरचे भय उतरायचे. "अप्पांनी हात धरला की निम्मा ताप तिथंच पळतोय," असे लोक म्हणत. हातगुण तो हाच.

अप्पांनाही ते ठाऊक होते. "रोग्याला हात न लावता औषध लिहिणारा डॉक्टर म्हणजे देवाला न दाखवता ताट उचलणारा पुजारी," असे ते नव्या डॉक्टरांना हसत हसत ऐकवीत.

कोरोना आला आणि गल्लोगल्ली शटर खाली आले. अप्पांचे आले नाही. दुसरी लाट पहिलीपेक्षा क्रूर होती. कोणी काचेआडून रोगी तपासत होते, कोणी फोनवरून. अप्पा मात्र हनुवटीखाली घसरलेला मास्क तसाच ठेवून, एकेकाचे मनगट हाती घेऊन बसले होते. साथ ओसरल्यावर गावाने त्यांचा सत्कार केला. शाल दिली, श्रीफळ दिले आणि काचेच्या चौकटीतले मानपत्र दिले. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिले होते : ज्यांनी हात सोडला नाही. ते मानपत्र बाकासमोरच्या भिंतीवर लागले. बाकावर बसलेला प्रत्येक रोगी आपली पाळी येईपर्यंत ते वाचत असे.

त्याच लाटेत अप्पांचे जिवलग मित्र आण्णासाहेब गेले. निवृत्त शिक्षक, अप्पांचे लहानपणचे सोबती. रक्तदाबाच्या निमित्ताने ते रोज सकाळी दवाखान्यात येत, बाकावर बसत, पेपर वाचत, खोकणाऱ्यांच्या खोड्या काढत. अप्पा त्यांची नाडी बघत आणि म्हणत, "अजून मास्तर दणकट आहे." मग एके दिवशी आण्णासाहेबांनाच ताप भरला. सोलापूरला नेले, ते परत आले नाहीत. अप्पा लहान मुलासारखे रडले. पण त्या रडण्यात एक समाधान होते, की सोलापूरला नेईपर्यंत आपण त्यांचा हात सोडला नाही. त्या समाधानाच्या आधारावरच ते आजवर उभे होते.

यंदाच्या हिवाळ्यात उमरग्याच्या खाजगी डॉक्टरांची बैठक भरली. विषय काढला होता डॉक्टर भैरवीने. बसस्टँडजवळ तिचा नवा दवाखाना. लहानपणी तिला आईने अप्पांकडेच उचलून आणलेले. तिचे म्हणणे असे की, पुढची साथ कधी येईल ते देव जाणे, पण मागच्या साथींनी जे शिकवले ते विसरण्याआधी आपण तयार राहिले पाहिजे.

"प्लेग आला तेव्हा आपल्या पणज्या गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्या," ती म्हणाली. "त्यांना जंतू ठाऊक नव्हता, पण अंतर ठाऊक होतं. पटकी आली तेव्हा पाणी उकळायला शिकलो. कोरोनानं तर सगळंच शिकवलं. पण साथ सरली की शिकवणही सरते. पुढची साथ आधी मोठ्या हॉस्पिटलात जाणार नाही. ती आपल्या बाकावर येऊन बसेल."

"बसू दे की," अप्पा म्हणाले, "माझा बाक सागवानी आहे."

सगळे हसले. भैरवीही हसली, पण थांबली नाही. तापाच्या रोग्याला बाहेर मोकळ्या हवेत वेगळे बसवावे, त्याने आणि आपण मास्क लावावा, त्याच्यासोबत एकच माणूस असावा, दर रोग्यानंतर हात धुवावेत, आणि एकाच गावातून तापाचे बरेच रोगी आले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवावे, असे तिने एकेक सांगितले. हे जमते का ते पाहायला एखाद्या दवाखान्यात खोटा रोगी पाठवून रंगीत तालीम करू, असेही ती म्हणाली. डॉक्टर रणधीरांनी अप्पांकडे पाहिले. बाकीच्यांनीही अप्पांकडेच पाहिले. उमरग्यात डॉक्टर मंडळींचा रिवाजच तसा. अप्पा हो म्हणाले तर होय, अप्पा नाही म्हणाले तर विषय संपला.

"पोरी," अप्पा म्हणाले, "लहानपणी सुई टोचताना दर वेळी तू माझा हात चावायचीस. तरी मी हात सोडला का?"

"हात सोडा असं मी म्हणतच नाही, अप्पा. हात धुवा म्हणते."

अप्पांना ते कुठेतरी लागले. ज्या हाताचे मानपत्र भिंतीवर लागले, तो हात मळका आहे असे ही कालची पोर म्हणते! ते म्हणाले, "मग माझ्या दवाखान्यातच येऊन बघ. तुझी ती रंगीत तालीम का काय, ती माझ्याकडं कर. काही निघालं तर तू म्हणशील ते सगळे करतील. नाही निघालं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

ठरले. पुढच्या काही दिवसांत कधीतरी एक खोटा रोगी येईल, अप्पांनी नेहमीसारखे काम करायचे आणि दुपारी डॉक्टर मंडळी पाहायला येतील.

पहिल्या दिवशी अप्पांनी मास्क नीट लावला, टेबलावर सॅनिटायझरची बाटली मांडली. दुसऱ्या दिवशी बाटली औषधांच्या खोक्यामागे गेली. तिसरा दिवस बाजाराचा. बाकावर जागा नाही, दारात चपलांचा ढीग, उभ्या माणसांच्या खांद्याला खांदा. आणि त्या गर्दीतून वाट काढत, पदर तोंडाशी धरून, खोकत खोकत आली लोहाऱ्याकडची धुरपदाबाई. अप्पांची कैक वर्षांची रोगीण.

"अप्पा, म्या मरते बगा आता!"

"तुम्ही मरायच्या नाहीत, धुरपदाबाई. मेलातच तर चार जणांना घेऊन जाल. या, बसा."

"थट्टा न्हाय, अप्पा. लेकीच्या गावाहून आले. तिकडं घराघरांत माणसं तापानं आडवी झाल्यात. कुणीबी उठंना झालंय."

हेच ते वाक्य, ज्यावर डॉक्टराचे कान टवकारायला हवेत. कोणते गाव, किती घरे, कधीपासून, हे विचारायला हवे. पण अप्पा "हवापालटाचं दुखणं" म्हणाले आणि त्यांनी मनगट हाती घेतले. धुरपदाबाईने त्यांचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरला. तळवे किंचित पिवळे होते. घरात राबणाऱ्या बाईचा हात पिवळा दिसला तर कोणाला काय वाटणार? अप्पांनी नाडी पाहिली, गोळ्या दिल्या आणि सवयीने हात कपाळाला लावून शिवाचे नाव घेतले.

मग एकामागून एक माणसे आली. ट्रकवरचा एक क्लिनर पोट धरून आला, एक आई तान्हे लेकरू घेऊन आली. लेकराच्या मोठ्या बहिणीच्या हातावर अप्पांनी बरणीतली लिमलेटची गोळी ठेवली. रक्तदाबाचा पट्टा एका दंडावरून दुसऱ्या दंडावर गेला. तहान लागली तसे अप्पांनी माठाचे झाकण उचलले. मग कस्तुराबाई आल्या.

कस्तुराबाई म्हणजे आण्णासाहेबांच्या पत्नी. दर महिन्याला त्या गावाहून जीपने यायच्या. अप्पांनी त्यांचे मनगट जरा जास्तच वेळ धरले, नेहमीसारखे.

"वहिनी, जेवण नीट करता ना?"

"करते की, भावजी. एकटीचं कितीसं असतंय!"

त्यांची जीप भरायला वेळ होता, म्हणून त्या बाकाच्या कडेला टेकल्या.

दुपारी भैरवी, रणधीर आणि आणखी दोघे-तिघे डॉक्टर आले. अप्पांनी खुर्ची मागे रेलली. "तुझा खोटा रोगी काही आला नाही बघ."

"आला होता, अप्पा."

बाकावरून धुरपदाबाईचे दात चमकले. "म्याच व्हय ती! कसं केलं? खरं वाटलं न्हवं?"

"बाई, तुम्ही नाटकात हव्या होत्या," रणधीर म्हणाले.

"नाटकाचं ऱ्हाऊ दे. माझ्या गुडघ्याचं तुमी काय केलं ते सांगा आधी!"

हसण्याचा एक फवारा उडाला. अप्पाही हसले, आणि त्या दिवसाचे ते त्यांचे शेवटचे हसणे.

भैरवीने पर्समधून कापूस काढला आणि एका छोट्या बाटलीतले पाणी त्यावर ओतले. "चुन्याची निवळी आहे," ती म्हणाली. "हळदीला चुना लागला की लाल होतं, हे घरच्या बायकांना ठाऊक आहे. सकाळी धुरपदाबाईंच्या तळव्यांना मी हळद चोळली. हळद म्हणजे रोग समजा. बघू, तो कुठवर गेला."

तिने कापूस अप्पांच्या टेबलाच्या कडेवर फिरवला. लाल झाला. दुसरा बोळा रक्तदाबाच्या पट्ट्यावर फिरवला, लाल. पडद्याची कड लाल. बरणीचे झाकण लाल. ज्यातून सगळे पाणी पितात त्या माठाचे झाकण, तेही लाल. शेवटी भैरवी अप्पांजवळ आली, घुटमळली. अप्पांनीच कपाळ पुढे केले. विभूतीच्या रेघांवरून कापूस फिरला आणि त्या पवित्र भस्मात एक फिकी लाल रेघ उमटली.

बाकाच्या कडेवरून कस्तुराबाई उठल्या. त्यांनी हात पुढे केला. "माझाबी बगा गं, पोरी."

"नको, काकू."

"बग म्हणते न्हवं."

कापूस मनगटावर टेकला. नाडीच्या जागी, जिथे अप्पांची तीन बोटे टेकली होती, तिथे लाल उमटले.

कस्तुराबाई मनगटाकडे बघत राहिल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर अप्पांना सोसला असता.

"यांचाबी हात तुमी असाच धरायचा, भावजी. ताप भरला त्या दिवशीबी म्हणत होते, अप्पानं काल हात धरलाय, मला काय व्हत न्हाय."

मायबापहो, शब्द कधी शस्त्रासारखे येत नाहीत. ते घरच्या पाहुण्यासारखे शांतपणे येतात, बसतात आणि मग उठत नाहीत. अप्पा खुर्चीतून उठले. पडदा बाजूला सारून आत गेले. हात धुवायची मोरी घरात होती. दवाखान्यात नळ नव्हता. हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी आज प्रथम पाहिले. इतकी वर्षे ते हात धूत होते ते जेवायला बसताना, पूजेला बसताना. रोग्यांकडून आत येताना धुतले, एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाताना नाही.

ते चोळत राहिले. चन्नम्मा, त्यांची पत्नी, चुलीपासून उठून आली. "अय्यो, कातडं निघेल की!"

त्यांनी पुन्हा साबण घेतला. नुसते चोळत राहिले.

बाहेर सगळे पांगले होते. भैरवी मात्र थांबली होती. तिचे डोळे भरले होते. "अप्पा, हे असं व्हावं असं मला वाटत नव्हतं. आण्णासाहेबांना कुठून लागलं ते आज कोणी सांगू शकत नाही. दुकान, बँक, एस्टी, कुठूनही लागलं असेल. आणि ही तर नुसती हळद होती. तो रोग मुख्यतः श्वासातून पसरला. श्वासाला रंग नसतो. तो कोणाकडून कोणाकडं गेला हे मला या बाटलीनं दाखवता येत नाही."

"तेच तर, पोरी," अप्पा म्हणाले. "माझ्याकडून गेला नाही, असं आता मला म्हणता येत नाही."

पाप घडले असते तर प्रायश्चित्त घेता आले असते. इथे पापच निश्चित नव्हते. त्या लाटेत एकाच बाकावर खोकणारे आणि न खोकणारे दाटीने बसले होते. दारे-खिडक्या उन्हाच्या झळांनी लावलेल्या होत्या, आणि मित्र त्यांच्यामधे पेपर वाचत होता. आपण ते रोज बघत होतो आणि आपल्याला प्रेम दिसत होते, गर्दी दिसत नव्हती. प्रेमाच्या नावाखाली आपण विचार करायचेच सोडून दिले, याची लाज अप्पांच्या अंगात तापासारखी चढली. शत्रूने केलेल्या आरोपाला उत्तर असते. आपल्याच हाताने दाखवलेल्या रंगाला काय उत्तर?

त्या दिवसापासून अप्पा उजवा हात टेबलाखाली ठेवू लागले. रोगी बसला की दुरूनच विचारायचे आणि चिठ्ठी लिहायचे. लोक बावचळले. "अप्पा, हात न्हाय बगत?" "नको." माणसे गोळ्या घेऊन जायची, पण जाताना चेहरे पडलेले असायचे. गल्लीत कुजबुज झाली, की अप्पांचा हात गेला. मानपत्रासमोर बसण्याचीही त्यांना लाज वाटू लागली. ते खुर्ची तिरकी करून बसत.

एकदा जेवताना चन्नम्मा बोललीच. "आज एक म्हातारी पडद्यापाशी येऊन रडून गेली. म्हणाली, अप्पानं मला टाकलं. त्या पोरीनं तुम्हाला हात धुवायला सांगितलं होतं. तोडून टाकायला नाही."

अप्पांचा घास हातातच राहिला. एक चूक केली ती न बघता. दुसरी करत होतो ती तोंड लपवून. आधी हाताचा अभिमान होता, आता हाताची लाज. दोन्ही वेळा विचार आपलाच केला, रोग्याचा कुठे केला?

दुसऱ्या दिवशी त्यांनी नळवाल्याला बोलावले. दवाखान्यात पाणी आणायचे तर ते एकाच भिंतीतून येऊ शकत होते, मागच्या मोरीला लागून असलेल्या भिंतीतून. तिथेच मानपत्र होते. नळवाला घुटमळला, "अप्पा, हे काढायचं?"

"काढ," अप्पा म्हणाले. "आत नेऊन ठेव." स्वतः उतरवायला मात्र त्यांचा हात उचलला नाही.

सागवानी बाक अंगणात लिंबाखाली गेला. तापाचे आणि खोकल्याचे रोगी तिथे मोकळ्या हवेत बसू लागले. खिडक्या उघड्या राहिल्या, थंडीने कोणी कुरकुरले तरी. धुरपदाबाई पुढच्या बाजाराला आली आणि बाहेर बसवल्यावर तिने गल्ली डोक्यावर घेतली. "मलाच वापरलं आणि मलाच बाहेर काढलं! असली कसली डाक्टरकी!" अप्पांनी आत बसूनच उत्तर दिले, "मास्क लावा, मग भांडा." ती मास्क लावून भांडली.

डॉक्टर मंडळींच्या पुढच्या बैठकीत भैरवीने तालमीची हकीकत सांगायला सुरुवात केली. "एका दवाखान्यात..." असे ती म्हणाली. ती त्यांना झाकत होती. अप्पा उठून उभे राहिले.

"एका नाही. विरुपाक्षाच्या दवाखान्यात. नाव घेऊन सांग." मग ते बाकीच्यांकडे वळले. "घराघरांत माणसं आडवी झाल्यात, असं त्या बाईनं मला सांगितलं. मी कुठलं गावही विचारलं नाही. खरी साथ असती तर मी तिला माझ्या हातानं आजूबाजूच्या गावांत पोचवली असती. सगळे माझ्याकडं बघून ठरवता ना? मग नीट बघा."

ते बसले. टाळ्या झाल्या नाहीत. टाळ्या झाल्या असत्या तर ते तिथून उठून गेले असते. रणधीरांनी खाली बघत एवढेच विचारले, "भैरवी, निवळीची बाटली आहे का अजून? माझ्याकडंही ये." मग एकेकाने मान हलवली, आणि भैरवीने सांगितलेले सगळे सगळ्यांनी मान्य केले.

महिना उलटला आणि कस्तुराबाई गोळ्यांसाठी आल्या. अप्पांना दारातच त्यांची चाहूल लागली. वाटले, आज बाहेर जावे, चन्नम्माच्या हाती गोळ्या द्याव्यात. तेवढ्यात त्या आत आल्या, समोर बसल्या आणि त्यांनी मनगट टेबलावर ठेवले. हळदीचा तो लाल डाग कधीच गेला होता. पण अप्पांना तो दिसत होता.

"धरा की, भावजी."

अप्पा उठले. भिंतीतला नळ सोडला. साबण लावला, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून पाणी फिरवले. कस्तुराबाई वाट पाहत होत्या, आणि पाण्याचा आवाज दवाखान्यात भरून राहिला होता. ते परत आले आणि त्यांनी तीन बोटे नाडीवर टेकवली. डोळे मिटले.

नाडी लागत होती आणि निसटत होती. त्यांना कळेना, ही कस्तुराबाईंची नाडी की आपल्याच बोटांतली.

"हुकलं," ते हळूच म्हणाले.

"मग पुन्यांदा बगा," कस्तुराबाई म्हणाल्या. "जीप भरायला येळ हाय."

अप्पांनी मान वर केली नाही. हात मात्र काढून घेतला नाही. ते पुन्हा मोजू लागले.